ढिगावरचे आणि बिळावरचे
3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दिवेआगरच्या किनाऱ्यावरचे सुरू आडवे केले. त्यातल्याच एका उपटलेल्या बुंध्याखाली पुढे एका कोल्ह्याने बिऱ्हाड थाटलं. नवरा, बायको आणि गेल्या साली झालेल्या दोन लेकी. पंचतंत्रातल्या करटक-दमनकांमुळे कोल्हा म्हटलं की आपल्याला दरबारी कारस्थानी आठवतो. खरा कोल्हा पक्का संसारी. जोडी जमली की सहसा जन्मभराची, आणि मोठी झालेली एखादी लेक वर्षभर घरीच राहून धाकट्या भावंडांना वाढवते.

चैत्र संपता संपता बिळात चार पिल्लं झाली. घरातल्या मोठ्यांची मात्र एकमेकांशी फारशी गाठ पडत नसे. रात्र झाली की एक खाडीकडे, एक पुळणीवर, एक सुपारीच्या वाडीत. कारण साधं होतं. कुर्ली एका तोंडापुरती, उंदीर एका तोंडापुरता. चौघांनी मिळून धरला तरी वाट्याला काय येणार? कासवाचं घरटं सापडलं असतं तर शंभरेक अंडी, सगळ्यांची चंगळ. पण ती अंडी वनखातं आणि गावकरी उचलून कुंपणात ठेवतात. (फार चांगलं करतात, कोल्ह्यांचं मत विचारू नये.)

अशात धाकट्या लेकीला भरडखोलच्या बाजूला टाकाऊ मासळीचा ढीग सापडला. तिथे पाच-सहा घरचे कोल्हे रोज जमत. खात, लोळत, एकमेकांचे कान चाटत. धाकटी भारावली. घरी येऊन म्हणाली, "आई, तिथे किती जण असतो आम्ही! रात्रभर एकत्र. इथे तर बाबांचं तोंडसुद्धा दिसत नाही."

"अगो, ढीग आहे म्हणून जमतात," आई म्हणाली. "किती वेळ जवळ बसलो त्यावरून माणूस आपलं ठरत नाही, कोल्हाही नाही. ढीग संपला की बघ कोण उरतं ते."

धाकटीला ते पटलं नाही. ती ढिगावरच राहू लागली. थोरली मात्र पिल्लांपाशी थांबली. आईबाप शिकारीला गेले की ती राखण करी. ते परत आले की स्वतः जाई, आणि पोटात घालून आणलेलं पिल्लांपुढे ओकून टाकी. आफ्रिकेच्या सेरेंगेटीत काळ्या पाठीचे कोल्हे असंच करतात. अशा मदतीला राहिलेल्या भावंडांची संख्या वाढली की जगणारी पिल्लंही वाढतात, हे पॅट्रिशिया मोलमन यांनी 1979 साली दाखवून दिलं. थोरलीला अर्थात ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली. ढीग आटला. दोन रात्री कोल्हे सवयीने आले, वाळू हुंगून एकमेकांवर गुरगुरले. तिसऱ्या रात्री धाकटी तिथे एकटीच होती. पावसाने भिजलेली, उपाशी. तिने मान वर करून कुई दिली. आसपासच्या रानांतून जुन्या सोबत्यांनी उत्तर दिलं, पण ते आपापल्या हद्दीची खूण पटवणारं होतं. इकडे ये म्हणणारं नव्हतं.

तेवढ्यात दिवेआगरच्या बाजूने दुसरी हाक आली. थोरलीची, घाबरलेली. गावातली तीन कुत्री बिळाशी आली होती. धाकटी धावत सुटली. ती पोचली तेव्हा बाप खाडीकडून आला होता, आई वाडीतून. रात्रभर तिघं तीन दिशांना होते, तरी एकाच हाकेच्या टप्प्यात. चौघांनी कुत्र्यांना पुढून-मागून हैराण करून रस्त्यापर्यंत पिटाळलं. मग कुणी कुणाचा कान चाटत बसलं नाही. बाप पुन्हा खाडीकडे गेला, आई वाडीकडे.

"तू जा आता," धाकटी थोरलीला म्हणाली. "सकाळपासून खाल्लं नसशील. मी बसते इथे."

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, पुन्हा ढीग पडू लागला, आणि जुनी मंडळी जमली. धाकटीही गेली, मासळी कुणाला नकोशी असते? पण या खेपेला तिच्या मागे चार पिल्लं होती. एका दांडग्या कोल्ह्याने त्यांच्यावर दात विचकले. धाकटी मध्ये उभी राहिली, आणि पिल्लांचं खाऊन होईपर्यंत तिने स्वतः तोंड लावलं नाही.