दुसरा विमानतळ

जानेवारीतली पहाट. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिल्लीच्या उड्डाणाची तयारी चालली होती. तरुण को-पायलटने फ्लाइट प्लॅन कॅप्टनपुढे ठेवला. दिल्लीत उतरता आलं नाही तर जायचा पर्यायी विमानतळ म्हणून त्याने जयपूर सुचवलं होतं.

"जयपूरच का रे?" कॅप्टनने विचारलं.

"सर, दिल्लीपासून जेमतेम अडीचशे किलोमीटर. इंधन कमी भरावं लागेल. हवामानही नियमात बसतंय."

"आणि धुक्याने दिल्ली बंद पडली, तर बाकीची विमानं कुठे वळतील?"

को-पायलट थबकला. "बरीचशी जयपूरलाच. तिथे विमानं उभी करायला जागा उरणार नाही. मग लखनौ घेऊ, सर?"

"गंगा-यमुनेच्या मैदानात धुकं उतरलं की ते दिल्लीपुरतं थांबत नाही. लखनौचा अंदाज बघ. तिथेही धुकंच आहे. अहमदाबाद घे."

"पण ते साडेसातशे किलोमीटर! जादा इंधन म्हणजे जादा वजन, आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं."

"जळू दे. आपली विहीर आटली की त्याच झऱ्यावरची शेजाऱ्याची विहीरही आटते. पाणी दुसऱ्या झऱ्यावर शोधावं."

विमान दिल्लीजवळ पोहोचलं तेव्हा धुकं दाट झालं होतं. घिरट्या घालत थांबायची सूचना मिळाली. थोड्याच वेळात रेडिओवरून कळलं, की जयपूरला जागा संपली आहे आणि लखनौची दृश्यता पार खालावली आहे. खालचा रनवे आता उघडेल, मग उघडेल, अशी आशा को-पायलटला वाटत होती. कॅप्टनची नजर मात्र इंधनाच्या आकड्यावर होती. अहमदाबाद गाठून वर 30 मिनिटं हवेत राहता येईल, एवढं इंधन राखायचंच होतं. ठरलेला आकडा दिसताच त्याने विमान वळवलं.

अहमदाबादला स्वच्छ ऊन होतं. विमान सुखरूप उतरलं, राखीव इंधनाला हातही लागला नाही. प्रवासी उशिरामुळे कुरकुरले, पण सगळे धडधाकट खाली उतरले.

परतीचा फ्लाइट प्लॅन करताना को-पायलटने आधी हवामानाचा नकाशा उघडला, अंतरं नंतर मोजली.

तात्पर्य: अडचणीसाठी आधार निवडताना तो किती जवळ आहे एवढंच पाहू नये, आपल्यावर येणारं संकट त्याच्यावरही येणार नाही ना, हे आधी पाहावं. आणि त्या आधारापर्यंत पोहोचण्याचं बळ शिल्लक असतानाच तिकडे वळावं.