हिऱ्यांचा पाऊस आणि भाव

वाचक माउली, आज निरूपणाला विषय घेतला आहे तो 'भाव'. मराठीत हा शब्द दोन ठिकाणी राबतो. बाजारात गेलो की आपण कांद्याचा भाव विचारतो, आणि देवळात गेलो की देवाला भाव तेवढा लागतो असे म्हणतो. मोंढ्यातला भाव आणि महाद्वारातला भाव एकच, की वेगळा? प्रश्न जुनाच आहे, पण त्यासाठी दृष्टांत मात्र आकाशातला घेतो. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, आता गुडघे साथ देत नाहीत. बसल्या जागी नातवंडांची विज्ञानाची पुस्तके वाचतो, त्यातलाच हा दृष्टांत.

आपल्या सूर्यमालेत गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार प्रचंड ग्रह आहेत. त्यांना पाय टेकायला आपल्यासारखी जमीन नाही. वरून खाली जावे तसा वायू दाट होत जातो, दाब वाढतो, उष्णता वाढते. गुरूवरचा तांबडा डाग म्हणजे एक वादळ आहे. आपली सबंध पृथ्वी त्यात मावेल एवढे ते मोठे, आणि दीडशे वर्षांच्या वर झाली, माणूस ते सतत पाहतो आहे. शनीच्या उत्तर ध्रुवावर वाऱ्यांचा सहा बाजूंचा घेर फिरतो. त्याची एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासाहून लांब. नेपच्यूनवर वारा ताशी २,००० किलोमीटरपर्यंत वाहतो. गुरूच्या पोटात तर हायड्रोजन, म्हणजे आपल्या पाण्यातला एक घटक, दाबाखाली धातूसारखा वागतो. त्यातून वीज वाहते. असे घडू शकेल, हे विग्नर आणि हंटिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९३५ सालीच मांडले होते.

पण मला थांबवले ते युरेनस आणि नेपच्यून यांनी. या दोन्ही ग्रहांवर मिथेन आहे. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच वायू. त्यात कार्बन असतो, आणि काजळी, कोळसा, हिरा ही सगळी त्या कार्बनचीच रूपे. खूप खोलवर दाब इतका वाढतो की मिथेनची घडण मोडते, हायड्रोजन बाजूला होतो आणि उरलेला कार्बन हिरा होऊन खाली पडू लागतो. हजारो किलोमीटर खोल, हिऱ्यांचा पाऊस! हा तर्क मार्व्हिन रॉस यांनी १९८१ साली मांडला. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर लेझरचा मारा करून हवेच्या दाबाच्या सुमारे १५ लाख पट दाब निर्माण केला, तेव्हा खरोखरच अतिसूक्ष्म हिरे तयार झाले. २०२२ साली तर आपल्या पाण्याच्या बाटलीच्याच जातीच्या प्लास्टिकपासून ते झाले. नेपच्यूनजवळून आजवर एकच यान गेले, १९८९ साली व्हॉयेजर-२. तो पाऊस कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण तर्काला आता प्रयोगाचा आधार आहे.

आता सांगा माउली, त्या ग्रहावर हिऱ्याचा भाव काय?

काहीच नाही. हिरा तोच, त्याची कठीणता तीच. मग भाव कुठे गेला? तो हिऱ्यात कधी नव्हताच. तो होता आपल्या 'नाही'मध्ये. माझ्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, या एका गोष्टीवर तो उभा होता. याला पृथ्वीवरचाही दाखला आहे. ॲल्युमिनियम पहिल्यांदा निघाले तेव्हा इतके दुर्मीळ होते की १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या लगडी रत्नांसारख्या मांडल्या होत्या. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ते काढण्याची रीत सापडली, आणि आज तेच ॲल्युमिनियम वारीत आपल्या भाकरीचा डबा होऊन पिशवीत खडखडते. डब्याचे काम काही कमी झाले नाही, भाव तेवढा उतरला. सध्या कारखान्यात तयार होणाऱ्या हिऱ्यांचेही तेच झाले. खाणीतल्या हिऱ्यासारखेच ते, पण मुबलक झाले आणि भाव कोसळला.

आपल्या आख्यानात हे फार आधी येऊन गेले आहे. परिसा भागवतांकडे परीस होता. तो त्यांच्या कुटुंबाने नामदेवरायांच्या राजाईला दिला, आणि नामदेवरायांनी तो चंद्रभागेत टाकला. परिसोबा संतापून आले. नामदेवरायांनी पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढले आणि आपला ओळखून घ्या म्हणाले. पाहतात तो प्रत्येक खडा परीस! कीर्तनात आपण हे चमत्कार म्हणून सांगतो, श्रोतेही मान डोलावतात. पण पुढचे पाहा. ओंजळभर परीस समोर असताना परिसोबांनी एकही उचलला नाही. ते नामदेवरायांच्या पायांवर पडले. एकच परीस होता तेव्हा जीव त्याच्यात अडकला होता. वाळवंटच परिसांचे झाले, तेव्हा जीव मोकळा झाला.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कोणी म्हणेल, "बुवा, हिऱ्याची किंमत तुम्ही आमच्या मनावर ढकलली. मग विटेवरचा पांडुरंग तरी आमच्या मानण्यामुळेच मोठा ना? एका दगडाचा भाव खरा आणि दुसऱ्याचा खोटा, हे कोणी ठरवले?" तरुण मुले हा प्रश्न मनात ठेवून देवळाच्या पायरीवर थांबतात. त्यांना नास्तिक म्हणून गप्प बसवणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे.

उत्तरासाठी हिऱ्याला लावली तीच कसोटी इथे लावू. मुबलक झाल्यावर काय होते? पंढरीचा विठोबा गावोगाव देवळात उभा राहिला, म्हणून पंढरीचा भाव उतरला काय? आषाढीला लाखो लोक आले, म्हणून तुमच्या वाट्याचे दर्शन लाखाव्या हिश्शाचे झाले काय? फडात दहा टाळकरी वाढले तर अभंग दहा जणांत वाटला जात नाही, उलट तो भरतो. हिऱ्याचा भाव वाटला की घटतो, हा वाटला की वाढतो. एकाला दुसऱ्याची उणीव लागते, दुसऱ्याला दुसऱ्याची सोबत. दोन्ही मनातून निघत असतील, पण दोन्हींची जात एक नाही. यातून देव सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. देव सिद्ध करणे हे आम्हा वारकऱ्यांचे कामही नव्हे. एवढेच म्हणतो की बाजाराच्या तराजूत भक्ती तोलता येत नाही, कारण तो तराजू टंचाईवर चालतो.

पण माउली, हीच कसोटी आता आपल्यावर फिरवू या. आपल्यातही हिरे आहेत. त्यांचे नाव मान. रथापुढे कोणाची दिंडी, कोणाला आधी नारळ, कोणाला आधी हार, पत्रिकेत कोणाचे नाव वर. यावरून सख्खे गुरुबंधू अबोला धरतात, दिंड्या फुटतात. पहिला नंबर मोलाचा का? दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही म्हणून. सगळ्यांनाच पहिला नंबर मिळाला तर तो कोणी मागणार नाही. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ आणि मनात सराफकट्टा.

संतांनी यावर केलेला उपाय आपण रोज करतो, म्हणूनच तो नजरेत भरत नाही. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. ऐंशीचा म्हातारा विशीच्या पोराच्या पाया पडतो, पोर म्हाताऱ्याच्या. जात, वय, पैसा कोणी विचारत नाही. जो मान जगात मोजून मापून मिळतो, तो या वाटेवर पावसासारखा सगळ्यांवर पडतो. आणि सर्वांवर पडला, की त्याची किंमत संपते आणि भाव उरतो.

आता पेरण्या होतील. शेतकरी आभाळाकडे बघेल तो पाण्यासाठी. हिरे पडले तर शेतात ज्वारीचे एक पातेही उगवायचे नाही. आपणही वारीला निघताना आभाळाकडे तेच मागावे, जे शेजाऱ्याच्या शेतातही पडले तर बरे वाटते. आणि शेजाऱ्याला मिळाले म्हणून ज्याचे मोल आपल्या मनात कमी होते, ती वस्तू कितीही चमकत असली तरी मागू नये.

राम कृष्ण हरी.