दाराखालचे पत्रक

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या. पदरचे पैसे घालून त्यांनी आपला कवितासंग्रह छापून घेतला होता. बऱ्याचशा प्रती अजून पलंगाखाली गठ्ठ्यांत बांधलेल्या. आता भाच्याने त्यांच्या नावाचे संकेतस्थळ काढून दिले आहे. वर त्यांचे मोठे छायाचित्र, खाली आजवर मिळालेल्या शाली-श्रीफळांची यादी. “फादर, आपणच आपली दवंडी पिटायची, हा गर्व तर नाही ना?” त्यांनी विचारले.

उत्तर आम्हांला लगेच सुचले नाही. डोंगरावरील एकाच प्रवचनात प्रभू येशू दिवा मापाखाली न झाकता दिवठणीवर ठेवावयास सांगतो आणि पुढच्याच अध्यायात, दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, असे बजावतो. लेखकाने यांतले कोणते ऐकावे? मराठी कवीला तर बहुधा स्वतःच पदरमोड करावी लागते आणि प्रती खांद्यावरच्या झोळीतून वाटाव्या लागतात. त्याने मौन पाळले तर त्याची कविता त्याच्याबरोबरच जायची. आपल्या संतकवींनीही अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफले. त्याला कोणी आत्मस्तुती म्हटले नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला संत फ्रान्सिस द सेल्स आठवले. आपल्या नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे. १९२३ साली अकरावे पायस यांनी त्यांना लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. (विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही त्याच वर्षीची, हा केवळ योगायोग.) १५९४ साली हा तरुण धर्मगुरू शाब्ले प्रांतात गेला तेव्हा त्याचे प्रवचन ऐकावयास फारच थोडे लोक येत. मग त्याने लहान पत्रके लिहिली. ती तो भिंतींवर लावी, घरांच्या दाराखालून आत सरकवी. आपले लेखन आपणच लोकांच्या घरात नेण्याचा त्याला संकोच वाटला नाही. पुढे १६०९ साली निघालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात त्यांनी खोट्या नम्रतेची चांगलीच हजेरी घेतली आहे. आपण कोणीच नाही असे म्हणणाऱ्याचे म्हणणे लोकांनी खरे मानले, तर त्यालाच वाईट वाटते! तेव्हा लपून बसणे म्हणजे नम्रता नव्हे, एवढे निश्चित.

तथापि त्या दारात आणि आजच्या पडद्यात एक भेद आहे, आणि तो आम्हांला पुस्तकांतून नव्हे, स्वतःच्या फजितीतून उमगला. धर्मग्रामातील तरुणांनी आमची प्रवचने एका संकेतस्थळावर घातली. पानाच्या तळाशी ते किती जणांनी उघडले याचा आकडा दिसे. प्रथम आम्ही तो कौतुकाने पाहिला. महिनाभरात सायंप्रार्थनेचे पुस्तक उघडण्याआधी तो पाहण्याची सवय जडली. विनोदी दृष्टान्ताच्या प्रवचनाला वाचक पुष्कळ लाभले. भावाभावांतील जमिनीच्या वैरावर बोललो होतो, त्याला अगदी थोडे. हा विषय पुन्हा नको, असे आमच्या मनात येऊन गेले. आमच्या धर्मग्रामात असे वैर धरलेली घरे आहेत, हे ठाऊक असताना! ती गोष्ट आमच्या जिव्हारी लागली.

फ्रान्सिस यांच्यापुढे दार बंद असे. पत्रक आत गेले की ते वाचले गेले की चुलीत पडले, हे कळावयास मार्ग नव्हता. तरी पुढचे पत्रक तयार होई, कारण ते दारापलीकडच्या माणसासाठी होते.

बाईंना आम्ही सांगितले, संकेतस्थळ खुशाल ठेवा. मात्र छायाचित्र खाली न्या आणि वर एक अख्खी कविता द्या, म्हणजे आलेल्याच्या हाती काही पडेल. त्यांनी तसे केले आहे. शाली-श्रीफळांची यादी काढावयास भाचा तयार नाही. आमचा आकडाही झाकून टाकावा, असे आम्ही मुलांना सांगितले आहे. पण ते काम जाणणारा मुलगा परीक्षेत गुंतला आहे, आणि तोवर तो आकडा दिसतोच आहे.