उशाशी कोयता

गेल्या माघात रेवदंड्याकडे एका वाडीत आमचे कीर्तन झाले. आख्यान नाथांच्या घरी चोर शिरले त्याचे. आरती झाल्यावर एक माळकरी गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "बुवा, नाथांनी चोरांना जेवू घातलं, ते नाथ! आमचं घर पोफळीत एका बाजूस. पोरं मुंबईला, आम्ही दोघंच. रात्री कौलं काढून कोणी उतरला, तर उशाशी कोयता आहे, तो उचलायचा की नाही?"

प्रश्न खरा होता. म्हाताऱ्या माणसास नुसती क्षमा सांगून आपण घरी जावे, हे आम्हांस बरे वाटेना.

स्मृतिकारांनी सहा आततायी मोजले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारलेला, आणि धन, शेत वा स्त्री हरण करणारा. मनू तर म्हणतो, असा मनुष्य गुरू असो की वेदवेत्ता, मागेपुढे न पाहता मारावा. हे वचन पुष्कळांस पाठ असते. पण त्यात 'आयान्तम्' असा एक शब्द आहे, तो कोणी पाहात नाही. शतृप्रत्यय आहे तो. येत असलेला, या क्षणी अंगावर येत असलेला! आला होता तो नव्हे, पळतो आहे तोही नव्हे. आणि तरीही आततायींस मारून पापच लागेल, असे गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनास वाटलेच ना?

सरकारचा कायदाही याच्या जवळच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० च्या दंडविधानातली तत्त्वे तिच्यात बहुतेक तशीच आली. कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी, राहत्या घरास आग, अशा वेळी घरधन्याचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जातो. साधी चोरी असेल तर प्राणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती हवी. पण कलम ३७ म्हणते, बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करू नये. आणि पोलिसांकडे जाण्यास सवड असेल तर हा हक्कच नाही. म्हणजे दिवसाढवळ्या माडावर चढलेल्या नारळचोरासाठी कोयता नव्हे, हे उघड झाले.

खरी भीती आम्हांस चोराची नाही, आवईची आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच गोसावी भिक्षेकरी मुले पळविणारे समजून मारले गेले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू व त्यांचा मोटारचालक चोर समजून, पोलिसांदेखत, जमावाने ठार केले. कोणाच्या घरात कोणी शिरलेच नव्हते हो! तिशीत मुरुडकडून रात्री पायी येताना गस्तवाल्यांनी आम्हांसही घेरले होते. पडशीतले टाळ वाजले म्हणून उगारलेली काठी खाली आली. टाळ नसते तर?

त्या गृहस्थांस आम्ही सांगितले, अंगावर आला तर उचला. आधी ओरडा, दिवा लावा. पळाला तर पळू द्या. सापडला तर बांधा, पाणी द्या, पोलिसांस बोलवा. बांधलेल्यावर हात टाकू नका, दुसऱ्यासही टाकू देऊ नका.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोयता काही उशाखालून काढायचा नाही, बुवा. पण आजपासून बॅटरी त्याच्या अलीकडे ठेवतो. हात आधी तिलाच लागेल."