गोळीचे छिद्र आणि कर्त्याचा हेतू

शस्त्राचा दोष त्याच्या घडणीत असतो की ते घडवणाऱ्याच्या हेतूत, हा नीतिशास्त्रातला जुना वाद रायफलीच्या गोळीभोवती फार नेमकेपणाने उभा राहतो. शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग घोषणेने निषिद्ध ठरवल्या आणि उदाहरणादाखल, ज्यांचे कठीण कवच आतला गाभा पूर्णपणे झाकत नाही, अशा गोळ्यांचा उल्लेख केला. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे बनलेली, टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तेव्हा चर्चेत होती.

अचूक नेमासाठी वापरली जाणारी ‘मॅच’ गोळीही टोकाशी उघडीच असते, पण तिचे कारण निराळे आहे. नेहमीच्या लष्करी गोळीत शिसे बुडाकडून भरून कवचाची कड तेथे दुमडतात. ही दुमड किंचित असमान असली, तरी गोळी नळीबाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने अधिक निसटून तिला कलवतो, आणि वस्तुमानाचा मध्य अक्षापासून ढळलेला असेल, तर नळीतल्या आट्यांनी दिलेल्या फिरकीमुळे ती आणखी भरकटते. म्हणून मॅच गोळीचे बूड अखंड ठेवून शिसे टोकाकडून भरतात, आणि टोक निमुळते करताना सूक्ष्म छिद्र उरते. (शब्दशः पाहिले तर बुडाशी उघडी असलेली साधी गोळीही हेगच्या वर्णनात बसते, ही त्या शब्दरचनेची अडचणच म्हणायची.)

हे छिद्र अचूकतेसाठी आहे, जखम वाढवण्यासाठी नाही, या आधारावर अमेरिकी लष्कराचे विधितज्ज्ञ डब्ल्यू. हेज पार्क्स यांनी १९९० मध्ये अशी गोळी वैध ठरवली. ती शरीरात कधी कधी फुटू शकते, हे त्यांनी नाकारले नाही. हा युक्तिवाद थॉमस अक्वायनसशी जोडल्या जाणाऱ्या द्विपरिणामाच्या सिद्धान्ताजवळ, म्हणजे हेतुतः साधलेला परिणाम आणि केवळ आधी कळलेला परिणाम यांत भेद करणाऱ्या विचाराजवळ जातो. मात्र नेमबाज सैनिकाला शत्रूचा मृत्यू अभिप्रेतच असल्याने हा भेद मृत्यूला लागू पडत नाही, फक्त अनावश्यक वेदनेला लागू पडतो. याउलट मनुस्मृतीचा सातवा अध्याय उलट्या काट्यांचे, विषारी आणि अग्नीने पेटलेल्या टोकांचे बाण सरसकट निषिद्ध करतो. धनुर्धराच्या मनात काय होते, हे तो विचारतच नाही.

पार्क्स यांचा निष्कर्ष टिकतो, तो हेतू सांगितला गेल्यामुळे नव्हे, तर तो हेतू अखंड बुडात दिसतो म्हणून. परंतु शिकारीची फुलणारी गोळीही पुष्कळदा याच पद्धतीने बनते, फक्त तिचे छिद्र रुंद असते. ते किती रुंद झाले म्हणजे हेतू बदलला असे मानायचे, याचे माप हेग घोषणेने दिलेले नाही.