आमच्या आईला नव्हतं असलं काही

१८ ऑक्टोबर होऊन गेला. रजोनिवृत्ती दिनाचे कार्यक्रम सगळीकडे पार पडले, म्हणजे समई विझू नये म्हणून पंखे बंद, समोर पन्नाशीच्या बायका पदराने वारा घेताहेत आणि व्यासपीठावर फेटे.

वैताग आला तो मात्र प्रश्नोत्तरांतल्या तुलनांचा. जाऊ अजून जिमला जाते. अमकी नटी या वयातही तशीच दिसते. ही दोन्ही सोडून देऊ. नटीचा तो पेशाच आहे आणि जावेबद्दल बोलायची सोय नसते. मला बोलायचंय ते तिसऱ्या वाक्याबद्दल: "आमच्या आईला नाही बाई असलं काही झालं."

कशावरून? आईला विचारलं होतं? रात्री दोन वाजता ती मोरीत तोंडावर पाणी मारत होती, तो उकाडा. वरणाचं पातेलं आपटलं, तो स्वभाव. बसल्या जागी डोळे भरून आले, ती माहेरची आठवण. घराने प्रत्येक गोष्टीला एकेक नाव देऊन ठेवलं होतं. पाळी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "सुटले बाई." तेवढ्यावरून तुम्ही तिला ठणठणीत ठरवलंत आणि स्वतःला नाजूक! हयातभर जिला तापट म्हटलं, तीच आता सोशीकपणाचा आदर्श. बांधा तिलाही फेटा.

शरीराला आदर्शबिदर्श कळत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, एवढीच व्याख्या. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या आरोग्याच्या ‘स्वान’ पाहणीत अंगातून वारंवार गरम वाफा येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ झाला. काहींना तो जाणवतही नाही. यात पहिला नंबर कोणाला देणार?

उलटी तुलनाही नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलं. ‘त्यांच्यापेक्षा आपण बऱ्या’ असं म्हणून गार वाटून घेणं, हे तर फारच झालं.

त्रास असेल तर डॉक्टर गाठा, नसेल तर मिरवू नका. तुलना काही एका दिवसात सुटायची नाही, हे मलाही कळतं. पण होतंय ते निदान घरात मोठ्याने बोला. नाहीतर वीस वर्षांनी तुमची लेक अशाच एखाद्या सभागृहात उठून सांगेल, की आईला काहीच झालं नव्हतं, ती नुसतीच खाष्ट होती.