गप्प बसलेला व्हॉल्व्ह

जून लागला की तारापूर-घिवलीपासून दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटीपर्यंतच्या बोटी वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी दुरुस्त होतात, इंजिन उघडलं जातं, फळ्यांच्या फटी भरतात, रंग लागतो. या दोन महिन्यांतली एक रिकामी दुपार घ्या आणि बोटीवर जेवण शिजतं त्या कोपऱ्यात जाऊन बसा. शेगडी बंदच असू द्या. आज गॅसच्या बाटल्याकडे नुसतं पाहायचं आहे.

पत्र्यावर हात ठेवा. खाऱ्या हवेने रंगाला फोड आलेत का, ते बोटांना कळेल. आता आत काय आहे ते मनात आणा. प्रोपेन आणि ब्युटेन, दाबाखाली द्रव होऊन बसलेले. मोकळं सोडलं तर एक लिटर द्रवाचा जवळपास अडीचशे लिटर वायू होतो. ऊन चढलं की आतला दाबही चढतो. निव्वळ प्रोपेन २० अंशांना हवेच्या दाबाच्या आठपटीवर असतो, ४० अंशांना तेरा-चौदापटीवर. आपल्या बाटल्यात ब्युटेनही असतो म्हणून आकडे खाली येतात, पण चढण तीच. मे महिन्यात उघड्या डेकवर दिवसभर राहिलेला बाटला आठवा.

या दाबाला वाट देण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. मोठ्या टाक्यांवर तो वेगळा बसवलेला दिसतो; परदेशी शिडाच्या नौकांवरच्या प्रोपेनच्या बाटल्यांत तो मुख्य व्हॉल्व्हच्याच अंगात असतो. आत फारसं काही नाही. एक स्प्रिंग, एक बैठक, रबराची एक चकती. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की स्प्रिंग मागे सरते, थोडा वायू बाहेर पडतो, दाब उतरला की ती परत बसते. सतराव्या शतकात डेनिस पापँ याने हाडं मऊ शिजवणारं भांडं केलं, तेव्हा त्याच्या झाकणावर दांडीला वजन लावून हीच युक्ती योजली होती.

त्या स्प्रिंगपाशी थोडं थांबा. तिने काही केलेलं कुणी पाहिलेलं नाही, आणि कधी पाहायला लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा. तरीही ती रिकामी नाही. बाटला भरल्या क्षणापासून ती चकती दाबून धरून आहे. रात्री खलाशी झोपलेले असतात तेव्हाही, बाटला घरी कोपऱ्यात असतो तेव्हाही. रबर या दाबाखाली कडक होतं. मीठ स्प्रिंगच्या वळशांत शिरतं. बाहेरून यातलं काही दिसत नाही. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणजे तो व्हॉल्व्ह चांगला आहे, असं आपण सहज धरून चालतो. नीट विचार केला तर त्याच्या गप्प बसण्यातून आपल्याला काहीच कळलेलं नाही. चांगला व्हॉल्व्ह गप्प असतो आणि गंजून चिकटलेलाही गप्पच असतो.

म्हणून तो बिघडण्याची वाट पाहायची नसते, तारीख पाहायची असते. बनवणारे साधारण दहा वर्षांत तो बदला म्हणतात, खाऱ्या हवेत त्याही आधी. मला हा हिशेब फार सरळ आणि प्रामाणिक वाटतो. ज्याची परीक्षा वापरून घेता येत नाही, त्याचं वय मोजायचं.

आता नजर खाली न्या, बोटीच्या पोटात. घरात गॅस गळला तर दार उघडता येतं, खालच्या फटीतून तो निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुपटीने. बोट ही त्याच्यासाठी वाटी आहे. तो तळाशी साचतो, इंजिनाच्या खणात, आणि हवेत दोन टक्के झाला की एक ठिणगी पुरते. वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. पण डिझेल, बर्फ आणि मासळीच्या वासात ते नाकाला कधी लागणार? म्हणून बाटला उघड्यावर, उभा आणि बांधलेला हवा. आडवा पडला तर व्हॉल्व्हपाशी वायूऐवजी द्रव येतो, आणि सुटलाच तर तो कितीतरी अधिक.

याच दिवसांत एक गोष्ट बारकाईने पाहा. रंगाचा ब्रश. बोट रंगवताना बाटलाही हौसेने रंगवला जातो आणि ब्रश व्हॉल्व्हच्या तोंडावरून फिरतो. रंगाचा तो पातळ पापुद्रा वाळला की वाट बुजली.

दाब सोडणारे व्हॉल्व्ह आणि त्यांची तपासणी तारापूरच्या माणसाला नवीन नाही. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या पाणी उकळणाऱ्या, त्यांनाही दाब सोडणारे व्हॉल्व्ह लागतात. बोईसरच्या एमआयडीसीत बॉयलर आहेत. १९२३च्या कायद्याने बॉयलरचा दाखला एका वेळी बारा महिन्यांहून जास्त दिला जात नसे. गावातली कितीतरी मुलं याच कामावर जातात. बोटीवर मात्र पाहणारा डोळा आपलाच, नाखव्याचा किंवा तांडेलाचा.

तर पाहा. लाल बाटल्याच्या माथ्यावरच्या उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आकडे वर्षाचे. बी-२७ म्हणजे जून २०२७पर्यंत, त्यानंतर तपासणी. तारीख उलटली असेल तर बाटला एजन्सीकडे परत. त्याचा व्हॉल्व्ह आपण उघडायचा नाही, पाना लावून पाहायचाही नाही. आपल्या हातात येतात ते रेग्युलेटर आणि रबरी नळी. नळी वाकवून भेगा पाहा, पाच वर्षं झाली असतील तर नवी घ्या. स्वतंत्र टाकी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिककडून, टाकी रिकामी करून, बसवल्याची तारीख लिहून बदलून घ्या. स्प्रिंग पिळून जुनाच चालवू म्हणणाऱ्याला नको म्हणा.

काढलेला व्हॉल्व्ह फळीवर ठेवून देऊ नका. अजून चालेल म्हणून तो शेजारच्या बोटीवर जाईल. त्याच वेळी हातोडीने त्याचे आटे चेपून टाका आणि मग भंगारात द्या.